कमी पावलांची सहल

४ जानेवारी, रविवार. सकाळी सव्वासात

ठरलं. मार्चमध्ये बाबांना घेऊन त्या शहरात चार दिवस. आरामात, कमीत कमी चालून. या वेळी तारखा पुढे ढकलायच्या नाहीत. आईच्या वेळी राहून गेलं. नियोजन तेव्हाही पूर्ण होतं, पण आई थांबली नाही.

नवीन वही काढली. माझं कामच डिस्पॅचचं आहे. दिवसाला बेचाळीस फ्रीज घरोघरी पोचवते, एकावरही ओरखडा नाही. बाबा तर एकच आहेत.

६ जानेवारी

बाबांना विचारलं, काय काय बघायचंय? म्हणाले, भिंत.

साईनबोर्ड रंगवायला लागले त्या सुरुवातीच्या दिवसांत, चोविसाव्या वर्षी, तिथल्या साबणाच्या कारखान्याच्या भिंतीवर त्यांनी कंपनीचं नाव रंगवलं होतं. पुरुषभर उंचीची सहा अक्षरं. तीन आठवडे परांचीवर. लाल रंग. उन्हात लाल सगळ्यात आधी उडतो, महिनाभरात गुलाबी होईल, असं सगळे हसत होते. बाबांनी स्वतः रंग मिसळला आणि दोन हात जास्त दिले. तो टिकला का, एवढंच बघायचंय म्हणे. आणखी काही? आणखी तुला हवं ते.

मला हवं ते असं काहीच नाही, सहल त्यांची आहे. तरी सुचलं ते लिहून ठेवते : संग्रहालय, नदीतली बोट, जुनी बाग, काचेच्या छताचं मार्केट. भिंत नकाशावर मोजली. मोठ्या रस्त्यापासून गल्लीत ३४० पावलं. जाऊन-येऊन ६८०. अवघड आहे. तिसऱ्या दिवशी टाकली, 'जमल्यास'.

१० जानेवारी, शनिवार

पावलं मोजायचं मशीन आणलं. कमरेला अडकवायचं. बाबांनी उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, नुसतं बसलेलंही मोजतं का? विनोदबुद्धी शाबूत आहे. चांगलं लक्षण.

मशीन रोज लावलं जातंय ना, हे मावशींनी बघायचं. मी ऑफिसला निघाले की त्या येतात, चारपर्यंत केर, लादी, स्वयंपाक आणि बाबा सांभाळतात. रविवारी सुट्टी.

१५ जानेवारी

पाच दिवसांची सरासरी २४०. लक्ष्य १५००. बाबांना प्रेमाने सांगितलं, असंच राहिलं तर सहल एप्रिलवर न्यावी लागेल. त्यांनी मशीन कमरेवरून काढून हातात घेतलं. मनावर घेतलं असावं.

१६ जानेवारी. संध्याकाळ

१,८७०.

एका दिवसात. माणसापुढे ध्येय ठेवावं लागतं, एवढंच. मावशी आज उशिरापर्यंत थांबल्या होत्या. त्यांना आकडा मोठ्याने वाचून दाखवला तर खाली बघायला लागल्या. भरून आलं असणार.

१८ जानेवारी, रविवार

१८८. दिवसभर खिडकीपाशी खुर्चीत. जुन्या कामगाराची शिस्त : रविवार म्हणजे रविवार. आपण होऊन पाळतात.

२ फेब्रुवारी

२,३१०. उच्चांक. आलेख भिंतीवर लावला.

मावशी म्हणाल्या, आज सगळ्या खिडक्या पुसल्या, माळा काढला, पायांचे तुकडे पडलेत. म्हटलं, बाबांकडे बघा, शहात्तर वर्षं आहेत, कुरकुर नाही. त्या बाबांकडे बघत राहिल्या. बाबा म्हणाले, खरंय, मला काही त्रास नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार

डॉक्टरांकडे. बाबांच्या पावलांवर सूज आहे. दोन उशांवर झोपायचे, आता तीन लागतात. मी म्हटलं, इतकं चालल्यावर सूज येणारच. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय. कुठे जायचं असेल तर याच आठवड्यात गाडीने जाऊन या.

मी आलेख दाखवला. डॉक्टरांनी तो बराच वेळ पाहिला आणि विचारलं, हा कोणाचा? म्हटलं, यांचाच. डॉक्टरांनी बाबांकडे बघितलं. बाबांनी कॅलेंडरकडे बघितलं.

डॉक्टर माणूस म्हणून चांगले आहेत, पण आकडेवारीत कच्चे. सहलीला ठरवलेली १४ मार्चच बरोबर. हवा तेव्हाच चांगली असते.

८ फेब्रुवारी, रविवार

दादाचा फोन. दोन समुद्र ओलांडून सल्ला स्वस्त पडतो. म्हणाला, उद्या गाडी कर, तीन तासांचा रस्ता, म्हाताऱ्याला भिंत दाखव, संध्याकाळी घरी. शांतपणे सांगितलं की प्रसाधनगृहांची यादी अर्धी आहे आणि बाकांची तर सुरूच झालेली नाही. तो म्हणाला, आईच्या वेळीही तू बाकच मोजत बसली होतीस.

लाईन खराब होती. मी ठेवला.

१४ फेब्रुवारी

इथल्या बागेत रंगीत तालीम. शहात्तर वर्षांच्या माणसाला काय वाटतं हे कळायला दोन्ही खिशांत किलो-किलोच्या पिठाच्या पिशव्या, डाव्या बुटात खडा. तिसऱ्या फेरीला एका आजींनी उठून मला बाकावर जागा दिली. विचारलं, सोबत कोणी नाही का? म्हटलं, वडील आहेत, पण ते घरी आराम करताहेत. त्या म्हणाल्या, या वयात वडील आहेत, नशीबवान आहात.

नशीब कसलं, नियोजन.

२० फेब्रुवारी

हॉटेलच्या अटी पक्क्या केल्या : खोली लिफ्टसमोर. उंबरा नको. बाथरूममध्ये धरायला दांडा. जेवण खोलीत. चाकाची खुर्ची. बेल वाजवली की लगेच येणारा माणूस. खिडकीतून नदी.

अकरा हॉटेलांना फोन. एकाकडेही सगळं नाही. नवव्याने विचारलं, बाई, तुम्हाला नक्की हॉटेलच पाहिजे ना?

२४ फेब्रुवारी, मंगळवार. रात्री

ऑफिसात वीज गेली म्हणून दुपारी साडेतीनलाच घरी आले. मावशी लादी पुसत होत्या. मशीन त्यांच्या कमरेला. बाबा खुर्चीत, पाय स्टुलावर.

मी मशीनकडे बोट दाखवलं. मग बाबा म्हणाले, माझ्या पायांनी मार्च आला नसता, बाळ. तू एप्रिल म्हणालीस, मला भीती वाटली. मावशींना बोलू नकोस, मी गळ घातली. मावशींनी ओल्या हातांनी मशीन काढलं आणि अगदी हळू विचारलं, ताई, आज पंधराशे झालीत, खोडायची का?

मशीन हाताळण्यात थोडी गफलत झाली, असं म्हणता येईल. बाबांची उमेद मात्र कोणी नाकारू शकत नाही.

संध्याकाळी स्वतः मोजलं. खुर्ची ते दार अकरा पावलं. दोनदा थांबले. दुसऱ्यांदा थांबले तेव्हा माझ्या खांद्यावर हात ठेवला. हात गार होता. आलेख काढून ठेवला. भिंतीचा रंग थोडा निघाला.

१ मार्च, रविवार

सुधारित आराखडा. सगळीकडे चाकाची खुर्ची. संग्रहालय, बाग, मार्केट, तिन्हीकडे उतार आहेत, फोन करून खात्री केली. बोट रद्द. कारखान्याच्या गल्लीत फरशी आहे की खडी, हे कोणालाच सांगता येईना, म्हणून भिंतही रद्द. धक्के बसले तर त्यांनाच त्रास.

बाबांना समजावून सांगितलं. म्हणाले, बरं. समजूतदार आहेत. नंतर बराच वेळ बोटाने खुर्चीच्या हातावर काहीतरी गिरवत होते.

५ मार्च, गुरुवार. दुपार

पहाटे बाबांना श्वास घेता येईना. इथल्या डॉक्टरांनी मोठ्या हॉस्पिटलला न्यायला सांगितलं. मोठं हॉस्पिटल त्याच शहरात. म्हणजे नऊ दिवस आधी निघालो, एवढंच. वही आणि मशीन पर्समध्ये टाकलं, तिथे सुधारणा दिसेल तर मोजायला हवी.

अँब्युलन्सच्या काचा खाली पांढऱ्या, वर मोकळ्या. बाबा आडवे, वर बघत. मला अकरा पानी फॉर्म दिला होता, पोचायच्या आत भरायचा. शहर लागलं तसं बाबांनी माझ्या हातावर बोट आपटलं. मास्क बाजूला करून म्हणाले, बाहेर बघ. सांगितलं, बोलू नका, ताकद वाचवा, पुढे लागेल. मी सातव्या पानावर होते, आधीचे आजार. पुन्हा म्हणाले, बघ ना. मी मास्क नीट बसवला. थोड्या वेळाने आतल्या आत पुटपुटले, टिकलाय.

दाखल करताना डॉक्टरांना सांगितलं, असंबद्ध बोलताहेत. त्यांनी लिहून घेतलं.

६ मार्च

खोली लिफ्टसमोर. उंबरा नाही. बाथरूममध्ये दांडा. जेवण खोलीत. चाकाची खुर्ची दाराशी. बेल वाजवली की नर्स येते. स्टुलावर उभं राहिलं तर नदीसुद्धा दिसते.

बाबा म्हणाले, हॉटेल चांगलं शोधलंस.

९ मार्च

बाबांना सांगितलं, बरे व्हा, खुर्चीला जाड टायर बसवून घेते, मग भिंतीला नक्की जाऊ. आधी दोघं मिळून तारीख ठरवू. ते हसले. भूक नाही. मी वहीत 'भिंत' पुन्हा लिहिलं, या वेळी पहिल्या दिवशी.

१२ मार्च

मोठ्या डॉक्टरांनी बाहेर बोलावलं. म्हणाले, शनिवारी घरी न्या. डिस्चार्ज मिळतोय म्हणजे सुधारणा आहेच. पुन्हा दाखवायला कधी आणायचं, विचारलं. म्हणाले, त्याची गरज पडणार नाही.

दादाला कळवलं. पुन्हा आणायची गरज नाही, म्हणालेत. तो फोनवर रडला. म्हणाला, येतो. इतक्या लांबून येतोय, सुट्टी उगाच वाया घालवतोय, असं लिहिणार होते.

लिहीत नाही.

१४ मार्च, शनिवार. संध्याकाळी सहा

आज सहलीचा पहिला दिवस होता.

दहाला निघालो. तीच अँब्युलन्स, तोच ड्रायव्हर. बाबा झोपल्यासारखे. मी ड्रायव्हरला विचारलं, साबणाच्या जुन्या कारखान्याकडून जाता येईल का? गल्लीत शिरावं लागेल, मला माहीत आहे, पण दहा मिनिटं. तो म्हणाला, गल्ली कसली, ताई? गल्ली फाटकाकडे जाते. भिंत मोठ्या रस्त्यालाच आहे. येतानाही तिथूनच आणलं तुम्हाला.

मी फाटकापर्यंत मोजलं होतं.

त्याने गाडी बाजूला घेतली. वरच्या मोकळ्या काचेत भिंत मावत नव्हती. निळी किनार गेलेली. साबणाच्या वडीचं चित्र होतं म्हणायचे, तेही गेलंय, तिथे नुसता डाग. सहा अक्षरं तेवढी होती. लाल. गुलाबी नाही, विटकरी नाही, लाल. आडव्या माणसाला मानही उचलायला नको.

बाबांच्या कानाशी जाऊन सांगितलं, बाबा, भिंत आली. डोळे न उघडता म्हणाले, मी बघितली. तू फॉर्म भरत होतीस.

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. घाई नाही म्हणाला.

बऱ्याच वेळाने बाबांनी विचारलं, तू बघितलीस? म्हटलं, हो. विचारलं, कसा आहे? म्हटलं, टिकलाय, बाबा. म्हणाले, दोन हात जास्त दिले होते.

घरी मावशी दारात उभ्या होत्या, कामाचा दिवस असूनही पाहुण्यासारख्या. दोघींनी मिळून बाबांना पलंगावर ठेवलं. मग मशीन पर्समधून काढलं. २१२ दाखवत होतं. रस्ताभर खड्डे होते.

दादा उद्या पोचेल.

आजची पावलं : २१२. आमची एकही नाही.