साखळीतला घोडा आणि आमचं देवक

गुरुवार, संध्याकाळ. पेंडल हिल.

डोकं अजून तापलेलंच आहे. आज डिझाईनच्या लेक्चररने आम्हाला सिटीतल्या जुन्या इमारतींवरची राजचिन्हं बघायला नेलं. एका दारावर सिंह आणि एकशिंगी घोडा, घोड्याच्या गळ्यात साखळी. मग विचारत सुटला, तुमच्या घराण्याचं चिन्ह काय? एकीने पणजोबांच्या ढालीवरचा कोल्हा सांगितला. आम्हा इंडियन पोरांपाशी येऊन म्हणाला, "यू गाईज कॅन स्किप दिस वन, नो वरीज." आणि गेला पुढे. वर्गात निम्मे आम्हीच.

मी गप्प का बसलो? जगात नसलेल्या घोड्याला साखळी घालतात, त्यांना घराणं. आणि आम्हाला काहीच नाही?

ट्रेनमध्ये आठवलं. आपल्याकडे देवक असतं की. दादाच्या लग्नात मांडवाच्या खांबाला बांधलं होतं, कुठल्याशा झाडाची डहाळी. कुठल्या, ते मलाच माहीत नाही. मग लेक्चररपेक्षा स्वतःचाच राग आला.

घरी येऊन चपलासुद्धा न काढता फोन लावला. "आई, आपलं देवक कुठलं गं?"

ती म्हणाली, "देवक एकच निघालं तर लग्न जमत नाही. आधी तिचं सांग."