आबांचं गाऱ्हाणं आणि दुसरा टॅब

६ नोव्हें.
गावातल्या बाबनने आबांचं पान परत आणून दिलं. अक्षरं मुंगीएवढी, देवळातल्या उजेडात दिसत नाहीत म्हणाला. वर हसला. हसायचं काय त्यात?
यंदा जत्रेत गावाच्या वतीने देवापुढे गाऱ्हाणं बाबन घालणार. आजवर आबा, माझे सासरे, घालत आले, आता दम पुरत नाही. पण तोंडपाठ फक्त त्यांनाच. काचबिंदूने नजर गेली, तरी स्क्रीन वाचणाऱ्या आवाजावर आबांनी ते स्वतः टाइप केलं. मी करून देते म्हटलं तर चालत नाही. अक्षरं मोठी केली होती, शपथेवर सांगतायत. फाइल उघडली. बारीकच.

७ नोव्हें.
सापडलं! अक्षरांच्या डायलॉगमध्ये 'फॉन्ट' नावाचे टॅब दोन. एक सुरुवातीला, खरा. दुसरा (टॅ-२) शेवटी, दिसायला तस्साच, पण त्यात काहीही करा, लागू होत नाही. आपण पहिल्यावर क्लिक करून मोकळे. आबा कळफलकाने शेवटाकडून येतात, तिकडून 'फॉन्ट' लवकर लागतो म्हणून. म्हणजे टॅ-२ वरच.
"माका दोन दारां दाखवता गो, आनि एकाच्या पाठसून भिंत आसा," म्हणाले. मशीन बंद करून ठेवलं. आता हात लावणार नाहीत म्हणे.
आबांनी नाही लिहिलं तर गाऱ्हाणं त्यांच्याबरोबरच... नको.
हे ऑफिस सॉफ्टवेअर फुकटचं, जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेलं. कोड उघडा आहे. पुण्याची नोकरी सोडून होमस्टेच्या चादरी घड्या करते, म्हणून काय हातातली विद्या गेली?

९ नोव्हें.
तक्रार नोंदवली होती. जर्मनीतून कुणा मार्टिनचं उत्तर: माझ्याकडे एकच टॅब दिसतो. तक्रार बंद. तिडीक गेली डोक्यात. त्या नादात पाहुण्यांची सोलकढी खारट केली.

१० नोव्हें.
आबांना तक्रार वाचून दाखवली. दोन-तीन ओळी तर होत्या. म्हणाले, "तू थेट मागणाच केलंस. आधी आपण कोण, खंयचे, ता सांगूचा लागता. देवाक सुद्धा."
हसूच आलं. पण मी बसले. गाऱ्हाण्यासारखंच लिहायला घेतलं. गाव देवबाग, भाषा मराठी, कळफलक मराठी, सेटिंगमध्ये भारतीय लिपींची सोय चालू...
इथे हात थांबला. ती सोय बंद केली. डायलॉग उघडला. एक टॅब. चालू केली. दोन. बंद. एक! मार्टिनकडे ही सोय चालू असेलच कशाला?
उडीच मारली मी. नवरा होडीवरून येत होता, त्याला वाटलं साप निघाला.

१२ नोव्हें.
कोडात चोर सापडला. टॅब आधी सगळ्यांसाठी जोडतात. लिपीची सोय चालू असली की तोच परत जोडतात. कुणीतरी नवी ओळ घातली नि जुनी काढायची विसरलं. जुनी उडवली. संपलं.
घरात रेंज नाही. लॅपटॉप घेऊन खाडीकडच्या माडाखाली गेले, आबा मागोमाग काठी टेकत. पाठवायच्या वेळी त्यांनी गाऱ्हाण्यातलं "बा देवा म्हाराजा" सुरू केलं. मी "व्हय म्हाराजा" म्हणून बटण दाबलं.

१५ नोव्हें.
मंजूर!! मार्टिनने सोय चालू करून दोन टॅब स्वतः बघितले, चूक कबूल केली. इतकी स्पष्ट तक्रार क्वचित येते म्हणतो. शिकवणारा कोण ते त्याला काय सांगू?
देवबागेत माडाखाली बसून जगाचं ऑफिस दुरुस्त केलं मी. आज चादरी नवऱ्याने घातल्या.

१६ नोव्हें.
दुरुस्त केलेलं आबांच्या मशीनवर घातलं. बसायला तयार नव्हते, मग बसले. शेवटाकडून आले. पुढे गेले, परत मागे. 'फॉन्ट' एकदाच. अक्षरं मोठी केली. मोठ्ठी झाली! माझेच डोळे भरले.
पान छापून बाबनला बोलावलं. ओसरीच्या अंधारात, हात लांब करून धडाधड वाचत गेला. आबा दर ओळीला "व्हय म्हाराजा". पान संपलं. झालं ना, म्हणाला.
"खंय झाला? ह्या निम्माच आसा," आबा म्हणाले. आणि मशीन पुढ्यात ओढलं.
जत्रा तोंडावर आलीय. तोवर पुरं होतंय की नाही, देव जाणे. जेवायला हाक मारली तर आतून आलं, "रव गो जरा."