कॅरियरचे नट

तियामिकेचे बाबा,

सायकल शोधत बसू नका, मी नेलीय. आज तुमची सुट्टीच आहे. पोरीला आजीकडे सोडतेय. मक्याच्या पिठाची नसिमा आणि सुकी मासळी चुलीपाशी झाकून ठेवलीय.

सायकल पळायला हवी म्हणून तीन महिन्यांपूर्वी तुम्ही मडगार्ड काढलं, स्टँड काढला, सीट वर केली, टायर दगडासारखे टणक केले. माझ्या शिलाई मशीनचं तेल चेनला घालून संपवलंत. म्हटलं, पळू दे. मागचं कॅरियरही काढलंत, उगाच ओझं म्हणून. तेव्हापासून रविवारी चर्चला मी चालत जाते. तेही चालवून घेतलं.

पण चहाच्या कारखान्यातून यायला आधी तास लागायचा, आता चाळीस मिनिटं पुरतात, असं तुम्हीच गावभर सांगता. मग घरी अजून पूर्वीच्याच वेळेला कसे पोचता?

आज सकाळी मक्याच्या कणगीमागून कॅरियर काढून सायकलला बसवलं. वाटलं, नट गंजले असतील, पाना लागेल. कसला पाना! तेलाने ओले होते, बोटांनीच फिरले. म्हणजे कॅरियर रोज चढतं आणि रोज उतरतं. त्यावरच्या गादीला नवं छापील चिटेंजे कापड लावलंय, आणि कापडाची शिलाई माझी नाही.

कारखान्याच्या वाटेनेच जातेय. या गादीवर बसायची सवय असलेली कोणी भेटली, तर तिला मागे बसवून थेट घरी आणते. तुमच्यासारखी मधेच उतरवणार नाही.

जेवण तिघांपुरतं केलंय. एकट्याने संपवू नका.

तियामिकेची आई