वेड्या बाभळीचं नवं नाव

नांदेड
१४ ऑक्टोबर २०२४

आदरणीय शेषेराव सर,

सविनय जयभीम. लातूरला काकूंचा गुडघा आता कसा आहे? इकडं सगळे बरे. लेक समीक्षाचं एम.एस्सी. झालं. वनस्पती-संग्रहातला तुमच्या वेळचा पंखा अजून फिरतो.

परवा दसऱ्याला तुमचा फोन आला. वाटलं, शुभेच्छा द्यायला. तुम्ही म्हणालात, "आनंदराज, त्या चिठ्ठ्या काढ. शेळ्या राखणाऱ्यानं मला शमी शिकवायची?" मी "हाव सर" म्हणून फोन ठेवला.

ते "हाव" मी परत घेतो.

शमी आणि वेडी बाभूळ एकाच घराण्यातल्या, असं तुम्ही संग्रहातल्या लेबलांवर लिहिलंत. तेव्हाची पुस्तकं तेच सांगत होती. आता जगभरच्या अभ्यासकांनी डीएनए तपासून वेडी बाभूळ वेगळी काढली, तिला नवं नाव दिलं. समीक्षानं आपल्याच कपाटातल्या सुकल्या पानांचा डीएनए काढला, तोही तेच बोलतो. म्हणून तुमच्या लेबलांशेजारी मी नव्या नावाच्या चिठ्ठ्या लावल्या.

देगलूरचा ओढा आठवतो? दोन्ही फांद्या माझ्या हातात होत्या. मी म्हणालो होतो, "सर, ह्या बहिणी न्हाईत. शमीचे काटे दांडीवर कुठंबी, हिचे पानाच्या बुडाशीच." तुम्ही हसलात. "तू कात्री धर."

बावीस वर्षं धरली. शेळ्या राखल्या म्हणूनच काटे कळले होते, सर. गप्प राहिलो, एवढी चूक माझी.

जुनं लेबल खोडायचं नाही, झाकायचं नाही. शेजारी नवी चिठ्ठी लावायची, तारीख घालून सही करायची. हे तुम्हीच शिकवलंत. तुमचं एकही अक्षर मी झाकलेलं नाही. रोज सकाळी पंचशील म्हणताना खोटं न बोलण्याचा शब्द देतो. तो देऊन दुपारी त्या चिठ्ठ्या खरवडू?

एक गोष्ट लिहायची नव्हती. आज सकाळी प्राचार्य म्हणाले, शुक्रवारपर्यंत चिठ्ठ्या काढा, नाहीतर परीक्षा विभागात जा. त्यांच्या टेबलावर तक्रारअर्ज होता, खाली सही नव्हती. पण तुमच्या हातची चार हजार लेबलं मी चिकटवलीत, सर. अक्षर ओळखायला मला सही लागत नाही.

मी कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली आणि परीक्षा विभागात गेलो. चिठ्ठ्या जागच्या जागी आहेत. कुणाला खरवडायच्या असतील, तर त्यानं स्वतः खरवडाव्यात आणि शेजारी तारीख घालून सही करावी.

कात्री पार्सलनं पाठवतोय. धार लावली आहे.

तुमचाच विद्यार्थी,
आनंदराज मारोती सोनकांबळे