बाथरूमचे काम सुरू आहे

३ फेब्रुवारी, सकाळ
काल शोभाला कर्जतला मनवाकडे पोचवून आलो. गेल्या महिन्यात बाथरूममध्ये पाय घसरून तिच्या खुब्याला मुका मार बसला. हाड शाबूत आहे, परंतु डॉक्टरांनी गुळगुळीत टाईल्स बदलायला सांगितल्या. जमीन नवी होईपर्यंत ती लेकीकडे राहील. निघताना शोभा म्हणाली, अहो, फार विचार करत बसू नका, खरखरीत काहीतरी आणा आणि बसवून टाका. ज्याने आयुष्यभर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवले, त्याला विचार करू नका म्हणणे! सल्ला उदारपणे ऐकून घेतला.
संकल्प : आठवड्याच्या आत निर्णय.

५ फेब्रुवारी
नगर-मनमाड रोडला, नागापूरच्या अलीकडे, एका शोरूममध्ये गेलो. मोनिका नावाच्या मुलीने व्हिनाइल प्लँक दाखवले. दिसायला लाकडी फळी, प्रत्यक्षात लाकूड नव्हे. पाण्याने फुगत नाही, त्यावर पाय घसरत नाही. घसरत नाही याला प्रमाण काय, असे मी विचारले. ती म्हणाली, काका, चपला काढून उभं राहून बघा ना. उभा राहिलो. घसरलो नाही. परंतु एका माणसाच्या एकदा न घसरण्यावरून सार्वत्रिक निष्कर्ष निघत नाही, हे तिला समजावून सांगितले. तिने चहा मागवला. सॅम्पलची पिशवी भरून घरी आणली.

९ फेब्रुवारी
सॅम्पल ओले केले, साबण लावला, अनवाणी उभा राहिलो. सर्व सारखेच चांगले. ही मोठीच अडचण आहे.
संध्याकाळी शोभाचा फोन. मिस्त्री आला का? म्हणालो, आला होता. आसाराम मिस्त्री खरोखरच आला होता, पुतणीच्या लग्नाची पत्रिका घेऊन. तो कशासाठी आला, हे तिने विचारले नाही. विधान सत्य आहे. तरीही भाकरी अर्धीच खाल्ली. बहुधा कडक झाली असावी.

१४ फेब्रुवारी
शोभा तिथे त्रासली आहे. मनवा तिला अंघोळीला दार लावू देत नाही. बाहेर उभी राहून सारखी विचारते, आई, झालं का? आई, नळ धरलायस ना? जावई पलीकडे हॉलमध्ये पेपर वाचत असतात. शोभा म्हणाली, मला माझ्या घरी, दार लावून, कुणाच्या हाका न ऐकता अंघोळ करायचीय. बाकी काही नको. मग विचारले, काम सुरू झालं का हो?
म्हणालो, सुरू आहे.
फोन ठेवल्यावर तडक जाऊन हातोडीने कोपऱ्यातली एक टाईल फोडली. विधान आणि वस्तुस्थिती यांत काही मिनिटांचे अंतर पडले खरे, पण ते भरून निघाले आहे. अंगठ्याला लागले.
संकल्प : उद्या निर्णय. अंतिम.

१५ फेब्रुवारी
निर्णय नाही. फिकट प्लँकवर मळ दिसतो, हा दोष. मळ दिसला तर पुसला जातो, हा गुण. गडद प्लँकवर मळ दिसत नाही, हा गुण. आणि म्हणूनच तो तसाच राहतो, हा दोष. दोन्ही पक्ष तुल्यबळ. अशा स्थितीत घाई करणे शोभावर अन्याय ठरेल. विचार चालू आहे तो तिच्यासाठीच. हे वाक्य पुन्हा वाचले. पहिल्यांदा अधिक पटले होते.

२१ फेब्रुवारी
मनवाचा फोन. बाबा, खरं सांगा, किती झालंय? आई रोज सकाळी बॅग भरून दाराशी ठेवते आणि रात्री परत आत नेते. म्हणालो, तयारी अंतिम टप्प्यात आहे. ती म्हणाली, कसली तयारी, बाबा? तिथे परीक्षा आहे का कुणाची? बोलणे वडिलांना शोभणारे नव्हते... म्हणजे वडिलांशी शोभणारे नव्हते.
बॅगेचा उल्लेख तिने टाळायला हवा होता. निळी बॅग. तिची चेन अडकते. दुरुस्त करून देतो, असे मीच म्हणालो होतो.
दुपारी शोरूममध्ये गेलो. डोळे मिटले आणि बोट ठेवले. गडद, सागवानी छटा आली. पद्धत म्हणून समर्थनीय नाही. मोनिका म्हणाली, काका, हे तर पहिल्याच दिवशी जमलं असतं.

२४ फेब्रुवारी
आसारामने जुन्या टाईल्स काढल्या. एक आधीच फुटली होती, याचे त्याला नवल वाटले. खुलासा केला नाही.
प्लँकच्या खोक्यातले पत्रक मी बारकाईने वाचले : जमीन समतल असावी. लेव्हल लावून पाहिली, तर आमची जमीन सरळ सरळ सांडपाण्याच्या जाळीच्या कोपऱ्याकडे कललेली! इतकी वर्षे आम्ही तिरप्या जमिनीवर अंघोळ करीत होतो. जुन्या मिस्त्रीचा निष्काळजीपणा, दुसरे काय. आसाराम म्हणाला, सर, ह्यो उतार ठिवायचा का काढायचा? मी पत्रकातली ओळ वाचून दाखवली. तो म्हणाला, बरं, तुमी म्हनाल तसं. मलाबी लग्नाची लई गडबड हाय.
या मुद्द्यावर एक दिवस विचार करावा, असे क्षणभर वाटले होते. पण निळी बॅग आठवली.
संध्याकाळी शोभाने विचारले, उताराचं लक्षात आहे ना हो? म्हणालो, उताराचा प्रश्न निकालात काढला आहे. ती म्हणाली, चला, बरं झालं.

२७ फेब्रुवारी
प्लँक बसले. लेव्हलच्या नळीतला बुडबुडा अचूक मध्यभागी. जमीन उंचावून उंबऱ्याच्या बरोबरीला आली, त्यामुळे ठेच लागण्याचाही संभव उरला नाही. याची मी आधी योजना केली नव्हती, पण केली असती.
शोभाला म्हणालो, ये. या शब्दात प्रथमच काही दडवावे लागले नाही.

१ मार्च, दुपार
शोभा सकाळी आली. प्लँकवर पाऊल टाकले, टाच फिरवून पाहिली. म्हणाली, अगंबाई, खरंच घसरत नाही की! मग म्हणाली, तुम्हाला उगीच नावं ठेवली मी. मी खाली पाहिले.
तिने गरम पाण्याची बादली भरली, स्टूल ठेवले आणि दार लावले. आत कडी वाजली. थोड्या वेळाने गुणगुणणे ऐकू आले. ते घरात कित्येक दिवसांत ऐकले नव्हते.
नंतर दाराखालून पाणी आले. आधी एक बोटभर रेघ, मग सगळ्या उंबऱ्यावरून. जाळीकडे जाण्याचे पाण्याला कारणच उरले नव्हते. हाक मारून थांबवणे हा एक पर्याय होता. मारली नाही. टॉवेल टाकला, चादर टाकली, पेपरचे गठ्ठे टाकले. आतून शोभा म्हणाली, अहो, कसली खडबड चाललीय? म्हणालो, पेपर वाचतोय. वाकलो तेव्हा एक मथळा नजरेखालून गेला होता.
तिने दार उघडले, तेव्हा मी चादर पिळत होतो. तिने पाण्याकडे पाहिले, जाळीकडे पाहिले, मग माझ्याकडे. निकालात काढला म्हणालात ना? एवढेच म्हणाली.
माझ्याजवळ उत्तर होते. चादर पुन्हा पिळली.

५ मार्च, कर्जत
मनवाच्या हॉलमध्ये झोपतो. शोभाला अंघोळीच्या वेळी बाहेरून आता मनवा आणि मी, दोघे जण हाका मारतो. नगरचे प्लँक उखडायचे, उतार परत द्यायचा, खरखरीत टाईल बसवायची, हे सर्व शोभाने एका फोनमध्ये ठरवले. बॅगेची चेन मी दुरुस्त केली. बॅग दाराशी आहे.
आज शोभाने सर्वांना ऐकू जावे म्हणून फोन स्पीकरवर ठेवून आसारामला विचारले, काय आसाराम, कुठवर आलं? मागे लग्नाचा बँड वाजत होता. आसाराम ओरडून म्हणाला, बाई, काळजी नगा करू, काम सुरू हाय!
शोभा निर्धास्त झाली. माझ्याकडे पाहून म्हणाली, बघा, असं असतं.
मी मान हलवली.