कैरवानला धाडलेला मख्लूफ

रमजान ३, हिजरी २४५
शेजारच्या मोकळ्या जागेत खणायला लागले! आमच्या कैरवानकडचीच एक श्रीमंत बाई मशीद बांधतेय. इथे फेज शहरात नमाजाबरोबर शिकवणीही होणार म्हणे. मख्लूफ दिवसभर तिथल्या सुतारांपाशी. घरी आला तो केसांत देवदाराचा भुसा घेऊन.
"आई, आता शिकायला कैरवानला कशाला जायचं? इथेच शिकवतील की."
"अजून पाया खणतायत! भिंती उभ्या राहीपर्यंत तुझी दाढी पिकेल."
तो हसला. मी नाही.

रमजान ११
नणंद म्हणाली, "वहिनी, पोराचा जीव लाकडात आहे. राहू दे ना!"
माझ्या वडिलांपुढे मोठमोठे लोक शिकायला मांडी घालून बसायचे. त्यांच्या नातवानं रंधा मारायचा? मला त्यांनीच अक्षरं शिकवली. मग एक दिवस म्हणाले — पुरे आता, भावांना बसू दे. मी उठले.
मख्लूफ उठणार नाही. कैरवानच्या शेख अबू हफ्स यांच्याकडेच शिकायला जाईल.

शव्वाल ६
तांडा गेला. वेशीपाशी विचारलं त्यानं, "रडलो तर परत नेशील?"
"नाही" म्हणाले.
एवढं तोडून का बोलले मी?

जमादिलाखर १९, हिजरी २४६
निरोप नाही.

सफर २०, हिजरी २४८
शेख अबू हफ्स इथे आलेत! मुक्कामाला, शिकवायला — आमच्या भिंतीपलीकडच्या नव्या मशिदीत. पोराला वाळवंटापार धाडलं आणि गुरू आले दाराशी. थोडं थांबले असते तर...

सफर २१
मी त्यांच्याकडे गेले. विचारलं, "माझा मख्लूफ कसा आहे?"
शेख म्हणाले, "बसला थोडे दिवस. मग म्हणाला, हे सगळं आईला हवंय, मला नाही. सूसा बंदराला गेला. नावा बांधतो. हात चांगला आहे म्हणतात."
"मला कळवलं का नाही?"
"त्यानं शपथ घातली होती. म्हणाला, मी शिकतोय असंच आईला वाटू दे. तेवढंच सुख तिला."
घरी कशी आले, आठवत नाही.

सफर २२
चूल पेटवली नाही. नणंदेनं खजूर आणि ताक आणून ठेवलं.
पोराला विचारलंच नाही मी कधी. एकदाही.

रबिलावल २
तांड्याबरोबर निरोप दिला. पुष्कळ ठरवलं होतं बोलायचं. तोंडून एवढंच निघालं — "त्याला म्हणावं, खुशाल नावा बांध. बोटं सांभाळ."

रबिलावल ५
पहाटे फजरच्या नमाजानंतर मशिदीत गेले. शेवटच्या खांबामागे बसले. शेखांनी ओळखलं. "कुणासाठी आलात?"
मी म्हणाले, "माझ्यासाठी."