घाट बंद होण्याआधी

मुक्काम: सीमेवरची छावणी
१२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अक्षर वाकडं दिसेल. यंत्राची रिकामी पेटी उलटी करून तिच्यावर लिहितोय आणि बोटं गारठली आहेत. तू म्हणशील, टेबलावर लिहितोस तेव्हा तरी कुठे मोत्याचे दाणे पडतात. ते गृहीत धरून पुढे वाच.

बातमी अशी, की अण्णा आपल्या लहानपणापासून ज्या रेल्वेबद्दल 'होईल, होईल' म्हणत आले, तिची आखणी खरंच सुरू झाली आहे. दोन्ही देशांची पथकं एकत्र काम करतायत. आपल्या बाजूच्या मोजणीचा इंजिनिअर मी. तुमच्या बाजूच्या प्रमुख एक भूगर्भतज्ज्ञ बाई आहेत. त्यांना सगळे खडकबाई म्हणतात, अगदी तोंडावरसुद्धा, आणि त्या ओ देतात. परवा त्यांनी विचारलं, या कामात मला एवढा रस का. मी सांगितलं, माझे वडील शेवटच्या स्टेशनाचे मास्तर होते. त्या स्टेशनापुढे रूळ संपतात आणि डोंगर सुरू होतो. माझी बहीण त्याच डोंगरापलीकडे नर्सिंग शिकायला गेली आणि तिथल्या एका घड्याळजीशी लग्न करून तिकडचीच झाली. सरळ रेषेत आमची दोन घरं जवळ आहेत, पण रस्ता घाटातून वळसे घेत जातो आणि हिवाळ्यात तो बर्फाखाली गाडला जातो.  बाईंनी त्यांच्या थर्मासमधला चहा मला दिला.

आता कालचं सांगतो. उंची कुठून मोजतात, तर समुद्राच्या पातळीपासून. तुमचा देश त्याच्या समुद्रापासून मोजतो, आपला आपल्या. दोन्हीकडची माणसं कित्येक वर्षं मैलोन् मैल, एक एक पट्टी वाचत, नद्या आणि गावं ओलांडत उंची पुढे आणत होती. त्यातली बरीचशी आता हयातही नाहीत. काल दरीतल्या एका खडकावर दोन्हीकडचे आकडे येऊन भेटले. फरक किती निघाला, तर माझ्या करंगळीएवढा. ताई, कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.  तुमच्याकडच्या एका म्हाताऱ्या मोजणीदाराने टोपी काढली, मग आम्हीही काढल्या. नदी खाली गडगडत होती. चुकलं कोण असं मी विचारलं, तर खडकबाई म्हणाल्या, कुणीच नाही. दोन समुद्र कधी अगदी सारखे नसतात.

अण्णांची तब्येत बरी आहे. शेजारच्या शिंपीकाकू दोन वेळ जेवण बघतात आणि तेवढ्याच वेळा त्यांच्याशी वाद घालतात, म्हणून तरतरीत आहेत.

भावोजींना नमस्कार, चिमणीला पापा. माया आहे तेवढी राहू दे, उरली तर चिमणीला दे.

तुझा,
धाकटा


३ मे

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मी दवाखान्यात जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि पुढच्या पाळीला उशिरा गेले. त्याबद्दलची बोलणी तुझ्या खात्यावर.

इथे सगळ्या गावाला रेल्वेचं वेड लागलंय. न्हावी म्हणतो, वरची वाट घेणार. म्हणजे गाडी अर्धा डोंगर चढेल, घाटाखालून छोट्या बोगद्यातून निघेल आणि आमच्या दवाखान्यामागच्या उतारावर स्टेशन होईल. पाचसहा वर्षांत गाडी सुरू, असं मंत्र्यांनी सांगितलं म्हणे. तुझे भावोजी आत्तापासून हिशोब करतायत की स्टेशनाच्या घड्याळाचं काम त्यांना मिळालं तर शिडी कुठून आणायची. चिमणीने तिच्या वर्गात सांगितलं की तिचा मामा डोंगराला भोक पाडतोय. मामा आमच्याच देशाचा असता तर बरं झालं असतं, असंही म्हणाली. तिच्या बोलण्यात आपले शब्द आणि इकडचा हेल असा मेळ आहे. अण्णांनी ऐकलं तर आधी व्याकरण सुधारतील आणि मग जवळ घेतील.

पण ऐकतील कसे? तिला त्यांनी फक्त फोटोत पाहिलंय. मी दोनदा उन्हाळ्यात येऊन गेले; पहिल्यांदा ती पोटात होती, दुसऱ्यांदा तिला गोवर झाला म्हणून ती इथेच राहिली. घाटाच्या बसने यायला ते तयार नाहीत. मागच्या वेळी म्हणाले, गाडी होईल तेव्हा येईन, तोपर्यंत माझं नाव काढू नका. खरं तर आई गेल्यापासून त्यांना या डोंगराकडे बघवत नाही, आणि त्यांची खिडकी नेमकी तिकडेच उघडते.

मी रोज कपडे वाळत घालायला गच्चीवर जाते आणि त्या उताराकडे बघते. तिथे सध्या शेळ्या चरतात. त्या जागी अण्णा हातात बॅग घेऊन डब्यातून उतरतायत, असं दिसतं. वेडेपणा आहे, पण तुलाच सांगतेय.

लोकर पाठवली आहे, पायमोजे विणून घे. थंडी आणि बहीण दोन्ही दूर आहेत असं समजू नकोस.

तुझी,
ताई


मुक्काम: सीमेवरची छावणी
९ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी तीनदा फाडलं.

बर्फ वितळल्यावर आम्ही वरच्या वाटेची मोजणी करायला चढलो. तिथे एका उतारावर जंगल आहे, म्हणजे होतं. कवेत मावणार नाहीत असे वृक्ष काडेपेटीतल्या काड्यांसारखे मोडून सगळे एकाच दिशेला पडले होते. वर बर्फाचा कडा सुटतो आणि खाली येतो, तेव्हा हे होतं. खडकबाईंनी बुंधे तपासले. हे काही एका वर्षाचं नाही; दर काही हिवाळ्यांनी कडा सुटतो आणि दर वेळी आणखी थोडं जंगल झाडून नेतो. आम्ही त्या शांततेत उभे होतो आणि एक पक्षी ओरडत होता. मला माझ्या हातातली मोजपट्टी फार लहान वाटली.

दुसरी वाट खालची. डोंगराच्या पायथ्याशी शिरायचं आणि पूर्ण डोंगर वर ठेवून पलीकडे निघायचं. फार लांब बोगदा. खडक कसा आहे ते बघायला आम्ही खोल छिद्रं पाडली, आणि तुमच्या बाजूने एक अरुंद चाचणीचा बोगदाही आत चाललाय. छिद्रातून खडकाचे लांब दांडे निघतात, मेणबत्तीसारखे गोल. फार खोलातून आलेल्या एका दांड्यात पांढरे ठिपके होते. भिंगातून बघितलं तर शिंपले. ताई, आपल्या दोघांच्या मधला हा डोंगर कधीकाळी समुद्राचा तळ होता. मी तो तुकडा हातात धरून बराच वेळ बसलो, जेवायला बोलावलं ते कळलं नाही.

तर खालचा खडक चांगला आहे. त्या वाटेने गाडी बारा महिने चालेल. पण तिला पंधरा ते वीस वर्षं लागतील, आणि ती तुझ्या गावी येणार नाही. खाली वाटाण्याच्या शेतांजवळ निघेल. तिथून तुझ्याकडे यायला पुन्हा मोटार.

वरची वाट हिवाळ्यात बंद ठेवावी लागेल. पण उन्हाळ्यात ती चालेल, आणि लवकर होईल. वरून सांगणं आहे की शिफारस वरच्याच वाटेची व्हावी. शिफारशीवर दोन्ही पथकांच्या सह्या लागतात. खडकबाईंनी खालच्या वाटेवर सही केली आणि कागद माझ्यापुढे ठेवला. त्या म्हणाल्या, घाई नाही, पण हिवाळ्याआधी.

अण्णा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. मी सही केली, तर त्यांची गाडी मीच रद्द केली असं होईल. इंजिनिअर म्हणून मला उत्तर ठाऊक आहे. मुलगा म्हणून पेन उचलत नाही. तू सांग.

तुझा,
धाकटा


२१ जुलै

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुला एक गोष्ट सांगते, ती मी कुणालाच सांगितलेली नाही.

आई अत्यवस्थ असल्याचा फोन आला तेव्हा पौष-माघाची, ऐन बर्फाची वेळ होती. तुम्हाला वाटतं मी घाट बंद म्हणून घरीच थांबले. मी निघाले होते. दुधाच्या ट्रकमधून, मग बर्फ काढणाऱ्या गाडीतून, घाट बंद करणाऱ्या अडथळ्याच्या दांड्यापर्यंत पोचले. पुढे रस्ताच नव्हता, नुसता पांढरा उतार. तिथल्या चौकीदाराने त्याच्या झोपडीत मला जागा दिली. मी रोज सकाळी दार उघडून बघत होते आणि तो रोज मान हलवत होता. त्या झोपडीतल्या फोनवरच आई गेल्याचं कळलं. मग मी मागे फिरले. अण्णांना काय सांगणार होते? निम्म्या वाटेपर्यंत आले होते, याने कुणाचं समाधान होतं?

म्हणून सांगते, उन्हाळ्यातली गाडी मला नको. उन्हाळ्यात बसही येते. माणसं काही हवा बघून आजारी पडत नाहीत. माझ्या दवाखान्यात येणाऱ्या कुणाची तरी आई पलीकडे असेल, आणि चिमणी मोठी होऊन कुठे जाईल कुणाला ठाऊक. जी गाडी बर्फातही चालेल ती बांधा. ती आमच्या शेळ्यांच्या उतारावर नाही आली तर शेळ्या आनंदात राहतील.

अण्णांचं म्हणशील, तर वाईट वाटतं. खूप वाटतं. काल गच्चीवर गेले नाही. पण सही कर.

माझ्यावरची माया या सल्ल्याने कमी होणार नाही, हे मी धरून चालले आहे.

तुझी,
ताई


६ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सही केली. आमचे साहेब दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी त्यांनीही मोडलेल्या जंगलाचे फोटो मागवून घेतले. दोन्ही राजधान्यांनी खालची वाट मान्य केली आहे.

मग रजा घेऊन घरी गेलो आणि अण्णांना स्वतः सांगितलं. नकाशा टेबलावर पसरला. त्यांनी बोगद्याच्या रेघेवरून बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि विचारलं की चढ किती. मी सांगितला. म्हणाले, उत्तम, इंजिनाला त्रास नाही. मग किती वर्षं, ते विचारलं. तेही सांगितलं. त्यांनी मान डोलावली, जणू एखादी गाडी उशिरा धावतेय एवढंच कळलंय.

ताई, मग मी तुझी झोपडीची गोष्ट सांगितली. तू सांगू नकोस म्हणाली नव्हतीस. त्यांनी चष्मा काढला. बराच वेळ पुसत राहिले. शेवटी एवढंच विचारलं, की ती झोपडी रस्त्याच्या डाव्या हाताला की उजव्या. मला माहीत नव्हतं.

आणि आता घाबरू नकोस. आज छावणीत शिंपीकाकूंचा निरोप आला. अण्णा काल सकाळच्या घाटाच्या बसने निघाले. पासपोर्ट त्यांनी मी छावणीत परतताच करून घेतला होता, कोटाचं अस्तर काकूंकडून बदलून घेतलं, आणि मला कळवू नये अशी काकूंना शपथ घातली. काकूंनी ती बस सुटेपर्यंत पाळली. वाटेत दोन मुक्काम आहेत. हे पत्र आधी पोचतं की ते, देव जाणे. दार उघडं ठेव.

तुझा,
धाकटा


मुलीचे घर
४ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र लिहिण्यास कारण की, मी सुखरूप आहे आणि तू ताईला पाठवलेलं काळजीचं पत्र माझ्यानंतर पोचलं. टपाल खात्याबद्दल माझं मत तुला ठाऊक आहे.

बस ठीक होती. चालक वळणावर बोलतो, ती खोड वाईट. घाटाच्या माथ्यावर सगळे उतरले, मीही उतरलो. इतकी वर्षं मी तो डोंगर खालून, एका बाजूने पाहिला. त्याला दुसरी बाजू आहे हे मला ठाऊक होतं, पण ठाऊक असणं वेगळं. तिकडे ऊन होतं आणि खाली दऱ्यांमागे दऱ्या.  एका बाईने मला बसायला दगड दाखवला.

झोपडी उजव्या हाताला आहे. चौकीदार तोच आहे. त्याची भाषा मला अर्धीच कळते. मी ताईचा फोटो दाखवला तेव्हा त्याने आतलं बाकडं दाखवलं आणि हाताने बर्फाची उंची दाखवली, त्याच्या छातीपर्यंत. मी त्या बाकावर बसलो. बस थांबवून ठेवली त्यांनी. कुणी कुरकुर केली नाही.

ताईने दार उघडलं तेव्हा ती काय म्हणाली आणि मी काय म्हणालो ते इथे लिहिण्यासारखं नाही. चिमणीचं व्याकरण कच्चं आहे. शिकवणी सुरू केली आहे.

मागच्या आठवड्यात तुमच्या खडकबाई आम्हाला चाचणीच्या बोगद्यात घेऊन गेल्या. तुझ्या वडिलांसाठी नियम थोडा वाकवते, असं म्हणाल्या. मी म्हटलं, रेल्वेत नियम वाकवू नयेत. मग त्यांनी रीतसर टोपी आणि सही घेतली. बाहेर थंडी होती. आत चालत गेलो तसतसं उबदार होत गेलं. मला वाटलं यंत्रांची उष्णता. बाई म्हणाल्या, हात लावून बघा. मी भिंतीला तळवा टेकवला. धाकट्या, खडक कोमट होता, झोपून उठलेल्या लेकरासारखा. ज्याला मी आयुष्यभर थंडगार भिंत समजत आलो, तो आतून उबदार निघाला. चिमणीने दोन्ही हात लावले आणि मग गालही.  पुढे अंधार होता आणि त्या अंधाराच्या सरळ रेषेत कुठेतरी आपलं स्टेशन. तुझं काम योग्य झालं आहे. हे मी तुला तोंडावर सांगितलं नसतं.

आता कामाचं. घाट या महिन्याअखेर बंद होतोय. शेवटच्या बसचं तिकीट तुझ्या भावोजींनी काढून आणलं होतं. ते मी परत करायला लावलं. वसंतात रस्ता उघडेपर्यंत मी इथेच आहे. शिंपीकाकूंना सांग, तू घरी आलास की दोन वेळचा वाद तुझ्याशी घालावा.

माझे जाड मोजे खालच्या खणात आहेत, ते शेवटच्या बसने पाठव.

आशीर्वाद आहेतच, ते मागावे लागत नाहीत.

तुझा,
अण्णा